मोसमी पावसाची दोन टोके

वर्धा जिल्ह्यात मृगाच्या सरींवर विसंबून सरकी टोबणाऱ्या कोरडवाहू कास्तकाराला देशव्यापी पर्जन्याची सरासरी सांगून त्याचे समाधान होत नाही. पराटी दोन पानांवर आली असता पावसाने दडी मारली, की हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, रोपे माना टाकतात आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा उधारी करावी लागते. या अवर्षणाची कारणपरंपरा शोधण्यात ज्यांचे आयुष्य वेचले गेले, त्या डॉ. सुलोचना गाडगीळ २०२५ साली निवर्तल्या.

१९४४ साली पुण्यात जन्मलेल्या आणि हार्वर्ड विद्यापीठात उपयोजित गणिताची डॉक्टरेट संपादून १९७१ साली स्वदेशी परतलेल्या या विदुषीची कर्मभूमी पुढे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था झाली. जमीन व समुद्र यांच्या तापण्यातील तफावतीमुळे मोसमी वारे वाहतात, ही खगोलशास्त्रज्ञ हॅलेची १६८६ सालची उपपत्ती पाठ्यपुस्तकांत दृढ झाली होती. परंतु पावसात खंड पडतो तेव्हा जमीन अधिकच तापलेली असते, हे तर आपल्याकडचा कोणताही कास्तकार सांगेल! १९८० साली डी. आर. सिक्का यांच्यासह गाडगीळबाईंनी उपग्रहांनी टिपलेल्या मेघपटलांचा दिवसामागून दिवस मागोवा घेतला आणि विषुववृत्तालगतच्या समुद्रावर निर्माण होणारा मेघपट्टा वारंवार उत्तरेस सरकून भूखंडावरील पावसाला नवजीवन देतो, असे दाखवून दिले.

प्रशांत महासागरातील एल निन्योवर दुष्काळाचा सगळा ठपका ठेवणेही त्यांना पटले नाही. १९९७ साली एल निन्यो अतिप्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीस उतरला, आणि २००२ साली एल निन्यो त्याहून सौम्य असताना जुलैचा पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला. विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या पश्चिमेस ढग दाटले व पूर्वेस विरळ झाले, तर आपल्या पावसाला बळ मिळते, आणि याच्या उलट घडले, तर एल निन्योच्या संकटात भर पडते, असा निष्कर्ष त्यांनी सहकाऱ्यांसह २००४ साली मांडला. माझ्या मते त्यांच्या कार्याचा हा कळस होय.

२००६ साली गणितज्ञ पुत्र सिद्धार्थ यांच्यासह त्यांनी दुष्काळाचा हिशेबही मांडला: तीव्र अवर्षणाने राष्ट्रीय उत्पन्नाची दोन ते पाच टक्के हानी होते, आणि सुकाळाचा लाभ मात्र तितका पदरी पडत नाही; कारण पावसाची हमी नसलेला कोरडवाहू शेतकरी खत-औषधांवर पुरता खर्च करू धजत नाही, आणि म्हणून चांगल्या वर्षीही त्याचे पीक जमिनीच्या कुवतीइतके येत नाही.