तुळजाभवानीचे नाव आणि कावेरीकाठचे अन्नछत्र

तुळजापूर - तुळजाभवानी ही भोसले घराण्याची कुलदेवता, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तुळजापूरपासून सरळ रेषेत सुमारे साडेआठशे किलोमीटर दक्षिणेला, कावेरीच्या खोऱ्यात, याच देवीचे नाव धारण केलेले दोन राजे होऊन गेले, याची माहिती मात्र थोड्यांनाच असते. तंजावरच्या गादीवर १७२८ ते १७३६ या काळात पहिले तुळजाजी आणि १७६३ ते १७८७ या काळात दुसरे तुळजाजी होते. मुलूख बदलला, आसपासची भाषा तमिळ झाली. कुलदेवतेचे नाव तेवढे पाळण्यापासून सोबत राहिले.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची सत्ता नांदली. या मराठी मंडळींनी आपला संस्कार परक्या प्रजेवर लादला नाही. दरबारात तमिळ, तेलुगू आणि संस्कृत यांना मराठीइतकाच मान होता. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४-१७१२) मराठीत नाटके लिहिली तशी तेलुगूतही लिहिली. तंजावर आणि मन्नारगुडी येथे रामदासी मठ उभे राहिले. मराठी कीर्तनाची गोडी तमिळ श्रोत्यांना लागली, ती पुढे एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवांच्या कीर्तनांनी वाढली. तंजावर कृष्ण भागवतर (१८४७-१९०३) यांनी त्याच धाटणीवर हरिकथेला नवे रूप दिले. ओवी, अभंग, साकी, दिंडी ही आपली वृत्ते तमिळ हरिकथेत आजही ऐकू येतात. (सांबार हे संभाजीराजांच्या नावावरून आले, ही कथा मोठ्या चवीने सांगितली जाते, तिला भक्कम पुरावा नाही. पुरणपोळी मात्र तेथे 'पोळी' किंवा 'बोळी' या नावाने घरोघर रुळली आहे.)

या सर्वांहून मोठा वारसा अन्नछत्रांचा. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी छत्रे बांधली, त्यांना शेतजमिनी तोडून दिल्या. तमिळमधील 'चत्तिरम' आणि आपले 'अन्नछत्र' हे शब्द एकाच कुळातले आहेत. दुसऱ्या तुळजाजींचे दत्तक पुत्र सरफोजीराजे (दुसरे) १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग. छत्रांच्या जमिनीही हातून जाण्याची भीती उभी राहिली.

त्या वेळी, १८०१ मध्ये, सरफोजीराजांनी ब्रिटिश रेसिडेंटला एक पत्र लिहिले. सत्ता गेलेल्या राजाने मागावे तरी काय? त्यांनी छत्रांची व्यवस्था आपल्याकडे ठेवण्याची विनंती केली आणि तेथे नेमके काय चालते ते बारकाईने मांडले. येणाऱ्या प्रत्येकाला, ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या वाटसरूपर्यंत, जेवण मिळते. शिजवलेला भात नको असेल त्याला शिधा दिला जातो. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे काय याची विचारणा होते. आजाऱ्याला औषधपाणी, बाळंतिणीला आधार, तान्ह्या मुलांना दूध, पोरक्यांना आश्रय आणि शिक्षण दिले जाते. रयतेच्या पोटाचा असा तपशील ज्या राजाला तोंडपाठ आहे, त्याची विनंती नुसत्या मानापानाची म्हणता येत नाही. छत्रांचा कारभार राजांकडेच राहिला.

ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यातले प्रसिद्ध. सरफोजीराजांच्या प्रिय मुक्तांबाळ यांच्या स्मरणार्थ ते १८०२ च्या सुमारास उभारले गेले. तेथे भोजनाबरोबर शाळाही चालत असे. किल्ल्यातील धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास आणि उपचार होत. सरस्वती महाल ग्रंथालयात आज सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत, त्याचे मोठे श्रेय याच राजांना द्यावे लागते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा इतिहास मराठीत आहे. त्याच्या लांबीचा शिलालेख मराठीत दुसरा सापडणे कठीण.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. पुढे छत्रांचा कारभारही सरकारकडे गेला. तंजावरी मराठी आज काही कुटुंबांत बोलली जाते. वळण जुने, शब्दांत तमिळची सरमिसळ. तिची लेखी परंपरा मात्र मोडीतील दप्तरांत बंद आहे आणि मोडी वाचणारे तेथे, तसे इथेही, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.