ऐतिहासिक कादंबरीतलं प्रेम: ठरलेली वळणं

मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून (1871) मानतात. तेव्हापासून तिच्या प्रेमकथेला काही ठरावीक वळणं पडत गेली. मला सर्वांत आवडतं ते आधी लग्न, मग प्रेम. रणजित देसाईंच्या 'स्वामी'त (1962) माधवराव पेशवे आणि रमाबाईंचं नातं असंच उमलतं. दरबार, मोहिमा आणि क्षयाच्या आजारातून मिळेल तेवढ्याच सवडीत. शेवट थेऊरला होणार हे वाचकाला ठाऊक असतं, तरी पान उलटतंच.

नावडतं वळण म्हणजे नायिकेच्या रूपाचा अतिरेक. मस्तानीने विडा खाल्ला की रस गळ्यातून उतरताना दिसे, ही आख्यायिका किती काळ पुरवायची? घोड्यावर बसणारी, तलवार चालवणारी मस्तानी त्यात हरवते. कारस्थानी आनंदीबाईचाही आता कंटाळा येतो.

आणि नायक पेशवाच का? आमच्या गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. तलावाची पाळ घालणारा नायक, धानाच्या रोवणीच्या चिखलात जुळलेलं प्रेम! लिहिणाऱ्याने इथल्या झाडीबोलीतले संवाद मात्र जपून घालावेत. आमच्या झाडीपट्टीचा वाचक खोटा सूर लगेच ओळखतो.