ज्यूल, छर्रा आणि पणजोबांची बंदूक

15 जुलै 2016 रोजी अधिसूचित झालेले शस्त्र नियम दहा वर्षांचे झाले. 1962 चे नियम मोडीत काढून ते आले, तेव्हा आशा होती की छऱ्याच्या बंदुका, जुन्या ठासणीच्या बंदुका आणि नकली पिस्तुलं या कायम दुर्लक्षित राहिलेल्या वस्तूंचा आता एकदाचा निकाल लागेल. निकाल लागला, पण तीन वस्तूंचा तीन तऱ्हांनी. आणि त्या वस्तूपासून नेमका कुणाला धोका आहे, हा साधा प्रश्न तिन्ही ठिकाणी बाजूलाच राहिला.

1878 पासूनचा इतिहास उगाळण्यात अर्थ नाही. व्हाइसरॉय लिटनच्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला निःशस्त्र केलं, 1959 चा शस्त्र कायदा 1962 मध्ये लागू झाला आणि पुढे अनेक वर्षं या बाबतीत सांगण्याजोगं फारसं घडलं नाही. एक गोष्ट मात्र विसरू नये. 1959 च्या कायद्यातल्या बंदुकीच्या व्याख्येत स्फोटकाच्या ‘किंवा अन्य ऊर्जेच्या’ जोरावर मारा करणारं कोणतंही आयुध बसतं. म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी बंदूक पहिल्यापासून कायद्याच्या आत होती. सरकारने सवलत देऊन तिला बाहेर ठेवलं होतं. त्या सवलतीची कसोटी आज गावठी वाटेल, पण शहाणपणाची होती. पाच फुटांवरून मारलेला छर्रा एक इंच जाडीच्या लाकडी फळीच्या आरपार जाता कामा नये. फळी कुठल्याही सुताराकडे मिळते.

2011 नंतरच्या दशकात ही घडी विस्कटली, आणि सुरुवात झाली पाखरांपासून. परवान्याविना मिळणाऱ्या बंदुकांनी मुके जीव मारले जातात, हे ‘पीपल फॉर ॲनिमल्स’ या प्राणिमित्र संघटनेचं दिल्ली उच्च न्यायालयातलं म्हणणं रास्त होतं, आणि 2011 मध्ये निकालही त्यांच्या बाजूने लागला. पाच वर्षांनी नियम आला तो असा: नळीचा व्यास 0.177 इंचाहून, म्हणजे 4.5 मिलिमीटरहून जास्त किंवा ऊर्जा 20 ज्यूलहून जास्त असेल तर परवाना. एरवी ओळखपत्र दाखवा, दुकानदाराच्या वहीत नोंद करा, बंदूक घेऊन जा. साळुंकी मरायला 20 ज्यूल लागत नाहीत, त्याच्या निम्म्यातही ती मरते. ज्यांच्या नावाने हा खटला चालला त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून ‘एअरगन सरेंडर अभियान’ चालवून गावकऱ्यांकडून या बंदुका मागून घ्याव्या लागल्या. नियमाने जे साधलं नाही ते विनवणीने साधावं लागलं.

यावर म्हटलं जातं की मर्यादा सैल ठेवली ती नेमबाजांसाठी. अंजली भागवतपासून अभिनव बिंद्रापर्यंत ज्या 10 मीटर एअर रायफलने देशाला या खेळाची ओळख दिली, तिची वाट अडवायची का? हा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही. स्पर्धेतली ती रायफल 4.5 मिलिमीटरचीच असते आणि तिची ऊर्जा 10 ज्यूलच्याही आत असते. जर्मनीत बिनपरवाना मर्यादा 7.5 ज्यूल आहे, इंग्लंडात रायफलसाठी सुमारे 16. आपण 12 वर थांबलो असतो तरी एकाही नेमबाजाचं काही बिघडलं नसतं. उलट आज 0.22 ची लेचीपेची बंदूक परवान्यात अडकते आणि 19 ज्यूलची 0.177 ओळखपत्रावर सुटते. शिवाय हे मोजायचं कुणी? जत्रेत फुगे फोडायच्या टपरीवरची बंदूक किती ज्यूलची, हे सांगणारं यंत्र तालुक्याच्या ठाण्यात कुठून येणार?

जुन्या बंदुकांची कथा अधिक बोचणारी आहे. शस्त्र कायद्याच्या कलम 45 नुसार पुराणवस्तू म्हणून मोल असलेली, पण दुरुस्त करूनही न चालणारी बंदूक कायद्याबाहेर राहते. म्हणजे पणजोबांची तोडेदार बंदूक नीट सांभाळली तर ती शस्त्र ठरते, आणि गंजून कायमची निकामी होऊ दिली तर वारसा. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली आणि वारशाने आलेल्यांनाही तीच मर्यादा लावली; तिसरी वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. लगेच फेब्रुवारी 2020 मध्ये सरकारने ‘क्युरिओ’, म्हणजे जुन्या संग्राह्य वस्तूंच्या, गटातली शस्त्रं बिनपरवाना बाळगायला मोकळीक दिली. हे चांगलं झालं, यात वाद नाही. पण ती वापरायला, सोबत न्यायला किंवा एका जागेहून दुसरीकडे हलवायला परवाना हवाच. मग ती प्रदर्शनात ठेवायची कशी आणि जाणत्या कारागिराकडे दुरुस्तीला न्यायची कशी? बेकायदा वापराची भीती खरी आहे, पण ती दारूगोळ्याच्या विक्रीवर बंधन घालून भागते, आणि तेवढी तरतूद त्याच नियमांत आहे.

उरली नकली पिस्तुलं. इथे मात्र दिसणं हाच धोका आहे, कारण समोरच्याला भीती वाटते ती रूपाची. तरी मूळ कायद्याचं कलम 6 फक्त नकलीची असली करणाऱ्याला पकडतं. ब्रिटनने 2004 पासून सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणं गुन्हा ठरवलं, 2006 च्या कायद्याने हुबेहूब नकलांची विक्री रोखली, आणि नाटक, चित्रपट, संग्रहालयांना त्यातून वगळलं. आपल्याकडे चित्रपटवाल्यांची अडचण पुढे केली जाते. तिचं उत्तर त्या सवलतीतच आहे. धाक दाखवून लुटणाऱ्याला भारतीय न्याय संहिता आहेच, असंही सांगतात. पण ती लूट झाल्यावर किंवा लुटीचा प्रयत्न झाल्यावर लागू होते, आणि बसस्टँडवर कमरेला नकली पिस्तूल खोचून उभ्या असलेल्या माणसाने अजून कुणाला लुटलेलं नसतं.