चित्रकथांचा संग्रह आणि त्याचे वाचन : विल आइस्नर यांचे ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’

विल आइस्नर (1917-2005) यांचे ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ हे पुस्तक 1978 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘ग्राफिक नॉव्हेल’ असे छापलेले होते. ही संज्ञा आइस्नर यांची नव्हे. रिचर्ड काइल यांनी ती 1964 मध्येच वापरली होती. ती रूढ होण्यास मात्र हे पुस्तक मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरले, आणि गंमत अशी की हे पुस्तक कादंबरी नाहीच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ड्रॉप्सी ॲव्हेन्यू, क्रमांक 55 या कल्पित पत्त्यावरील जुनाट इमारत आणि तिच्यासारख्याच इमारतींतील गरीब, बहुतांशी ज्यू भाडेकरू यांच्या चार स्वतंत्र कथांचा तो संग्रह आहे.

चित्रकथा वाचताना शब्द आधी वाचावेत आणि चित्राकडे ओझरते पाहावे, ही सर्वसाधारण सवय. ती येथे उपयोगी पडत नाही. शीर्षककथेच्या आरंभी शीर्षकाची अक्षरेच हिब्रू वळणाची, शिलालेखासारखी रेखाटली आहेत. त्यानंतर येतो तो पाऊस. आइस्नर यांच्या या धो-धो पावसाला व्यंगचित्रकार हार्वे कर्ट्झमन यांनी ‘आयझनश्प्रिट्झ’ असे थट्टेचे नाव दिले होते. पण या कथेत तो केवळ वातावरणनिर्मितीसाठी नाही. दत्तक मुलगी राशेल हिला मूठमाती देऊन परतणारा फ्रिमे हर्श त्या रेषांच्या भाराखाली वाकतो. त्याचे दुःख निवेदनापेक्षा या वाकण्यातून अधिक कळते. देवाशी केलेला करार त्याने लहानपणीच दगडावर लिहून ठेवला होता. तो दगड तो खिडकीबाहेर फेकतो, दाढी उतरवतो आणि पुढे त्याच इमारतीचा मालक होतो. धर्मनिष्ठ हर्श आणि घरमालक हर्श यांतील अंतर गुळगुळीत चेहऱ्यावरच वाचता येते.

अनेक ठिकाणी चित्रांना चौकटी नाहीत. दारे, खिडक्या आणि जिने हेच चौकटीचे काम करतात. ‘द स्ट्रीट सिंगर’ या दुसऱ्या कथेत हे तंत्र आशयाशी पूर्णपणे एकजीव झाले आहे. एके काळची गायिका मार्टा मरिया गल्लीत गाणाऱ्या एडीला कीर्तीचे स्वप्न दाखवते. पुढे तो तिचा शोध घेतो, पण पत्ता त्याच्या ध्यानात राहिलेला नसतो. एकसारख्या भिंतींच्या त्या वस्तीत घर सापडत नाही. संग्रहातील सर्वांत संयत कथा हीच. तिच्या तुलनेत ‘द सुपर’मधील रखवालदाराची शोकांतिका काहीशी नाटकी वाटते, आणि उन्हाळ्यासाठी डोंगराळ भागात गेलेल्या कुटुंबांची ‘कुकालीन’ ही कथा पात्रांच्या गर्दीमुळे विस्कळीत होते.

आइस्नर यांची मुलगी ॲलिस 1970 मध्ये, सोळाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने मरण पावली. हर्शचा देवाशी झालेला वाद हा आपलाच होता, असे त्यांनी आपल्या निधनानंतर निघालेल्या एकत्रित आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितले. पहिल्या प्रकाशनानंतर इतक्या वर्षांनी आलेले हे निवेदन वाचनाला उपकारक ठरते की बाधक? चरित्राचा आधार मिळाला की वाचक कथेला कबुलीजबाब समजू लागतो. हा धोका येथे खराच आहे. परंतु लेखकाने हर्शला स्वतःचे प्रवक्तेपद दिलेले नाही. त्याने त्याला देवाकडून फसवला गेलेला आणि स्वतः सिनेगॉगच्या रोख्यांचा गैरवापर करणारा, असा दुहेरी माणूस केले आहे. प्रार्थनामंदिरातील वृद्धांकडून नवा करार मिळवून नव्या आयुष्याची स्वप्ने पाहणारा हर्श त्याच रात्री मरतो. इतका नेमका मृत्यू आणि वरून वीज, हा योग जुन्या नाटकातला वाटतो. परंतु कथा तेथे थांबत नाही. पुढे श्लोइमे नावाच्या एका मुलाला हर्शचा जुना दगड सापडतो, आणि तो त्याखाली स्वतःचे नाव लिहितो.