द्राक्षमद्याची खनिजे आणि मळ्याची माती

फ्रान्समधील शाब्ली या गावाभोवतीच्या टेकड्यांच्या मातीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे कालवांचे शिंपले विपुल सापडतात. तेथील पांढऱ्या द्राक्षमद्यात, म्हणजेच वाईनमध्ये, या शिंपल्यांचीच चव उतरते असा समज दूरवर पसरला आहे. तो ऐकून, माती जितकी खनिजयुक्त तितके मद्य सरस असे मानणारा व त्यासाठी बागेत सढळ हाताने खत टाकणारा बागायतदार स्वतःचे नुकसानच करून घेईल.

वस्तुस्थिती निराळी आहे. शिंपला किंवा खडक वेलीच्या मुळांना जसाच्या तसा घेता येत नाही. मातीच्या ओलाव्यात विरघळलेले क्षारच मुळे शोषतात, आणि तेही निवडून. एक लिटर मद्य आटवून जाळले, तर साधारणतः दीड ते तीन ग्रॅम राख उरते. तीत पोटॅशियमचा, म्हणजे पालाशाचा, वाटा सर्वांत मोठा असतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याहून पुष्कळ कमी, तर लोह, तांबे व जस्त अत्यल्प असतात. हे सर्व मातीतूनच येते असेही नाही. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीतील थोडे तांबे फळांबरोबर रसात येते; रस आंबताना त्यातील बराचसा भाग गाळात बसतो.

मग मातीचे महत्त्व कशात आहे? प्रथम पाण्यात. माती पाणी किती धरते व त्याचा निचरा कसा होतो, यावर वेलीची वाढ व मण्यांचा आकार अवलंबून असतो. दुसरे महत्त्व पालाशाचे. रसातील पालाश टार्टरिक आम्लाशी संयोग पावतो व त्याचे स्फटिक तळाशी बसतात. पालाश प्रमाणाबाहेर झाल्यास आम्लता घटते व सामू वाढतो. अशा रसाचे मद्य लवकर बिघडते आणि लाल मद्याचा रंगही उतरतो. साल पालाशाने समृद्ध असल्याने, सालीसह आंबवल्या जाणाऱ्या काळ्या द्राक्षांत हा धोका अधिक. शिवाय, जादा पालाश मॅग्नेशियमच्या शोषणास अडथळा करतो. त्यामुळे जुन्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडतो.

नाशिक भागातील काळ्या जमिनी बेसॉल्ट खडकापासून बनल्या असून त्यांत पालाश बहुधा पुरेसा असतो. म्हणून शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही टाकावे, ही रीत सोडणे इष्ट होय. शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी :

१. लागवडीपूर्वी मातीची व पाण्याची तपासणी करावी.
२. खरड छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, आणि फळछाटणीनंतर बाग पूर्ण फुलोऱ्यात असताना, पानदेठांचे परीक्षण करून घ्यावे.
३. पालाशाची मात्रा अहवाल पाहूनच ठरवावी.
४. काढणीपूर्वी साखरेबरोबर रसाची आम्लता व सामूही तपासावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी देठांचे नमुने घेण्याची पद्धत प्रत्यक्ष बागेत करून दाखवावी. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे मार्गदर्शनही उपलब्ध आहे. मद्याचा दर्जा मळ्यातच ठरतो हे खरे. पण तो ठरतो खताच्या वजनावर नव्हे, तर त्याच्या मापावर.