पूरजोखीम विश्लेषण

पूरजोखीम विश्लेषण : पूर येण्याची संभाव्यता व त्यापासून होणारी हानी यांचा एकत्र विचार करून, भविष्य निश्चित माहीत नसतानाही उपायांची निवड करण्याची पद्धती. पूल, बांध, पूररेषा व पूर्वसूचना यांविषयीच्या निर्णयांत तिचा उपयोग होतो. जिची संभाव्यता मोजता येते ती जोखीम व जिची मोजता येत नाही ती अनिश्चितता, असा भेद अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये केला. पुराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. रायगड जिल्ह्यातील सावित्री नदीचे खोरे हे याचे ठळक उदाहरण होय.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि तीव्र उताराने पोलादपूरवरून महाडच्या सखल भागात येते. महाडच्या परिसरात गांधारी व काळ या नद्या तिला मिळतात. घाटमाथ्यावरील पाणी काही तासांतच खाली येते, तर खालच्या बाजूने खाडीतील भरतीचा प्रभाव महाडपर्यंत पोहोचतो. अतिवृष्टी व मोठी भरती एकाच वेळी आल्यास पाण्याचा निचरा मंदावतो. म्हणून येथे केवळ पावसाची नव्हे, तर या दोन्हींच्या संयुक्त संभाव्यतेची गणना करावी लागते. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वर येथे ५९४.४ मिमी. पाऊस नोंदला गेला. आषाढी पौर्णिमा तेव्हा एका दिवसावर आली होती. महाड शहर पाण्याखाली गेले.

पुनरावर्तन काल : सरासरीने १०० वर्षांतून एकदा गाठला वा ओलांडला जाणारा पूर, तो ‘शंभर वर्षांचा पूर’ होय. असा पूर एकदा येऊन गेला की पुढील शंभर वर्षे निर्धास्त राहता येते, हा समज चुकीचा आहे. त्याची संभाव्यता दर वर्षी १ टक्का असते. २५ वर्षांत तो किमान एकदा येण्याची संभाव्यता २२ टक्के व ८८ वर्षांत सु. ५९ टक्के होते. महाडजवळचा १९२८ मध्ये बांधलेला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. दोन एस. टी. गाड्या व त्यांतील प्रवासी वाहून गेले. वास्तूचे वय वाढते तसे तिचे बळ घटते. जोखीम मात्र साचत जाते. महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांच्या व लाल पूररेषा १०० वर्षांच्या पुरावरून आखतात. तथापि या गणनेसाठी मागील नोंदी अपुऱ्या असतात. शिवाय हवामान बदलल्यास त्या भविष्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

निर्णयाचा निकष : पूर्वसूचनेनंतर कृती करण्याचा खर्च भागिले कृतीमुळे टळणारी हानी, या गुणोत्तरापेक्षा पुराची संभाव्यता अधिक असल्यास कृती करणे हिताचे ठरते. उदा., दुकानातील माल माळ्यावर चढविण्यास ५,००० रु. लागत असतील आणि त्यामुळे १,००,००० रु. चे नुकसान टळत असेल, तर पुराची संभाव्यता ५ टक्क्यांहून अधिक होताच माल हलवावा. अशा वीस प्रसंगांपैकी बहुतेक वेळा पूर येणार नाही. तरीही निर्णय चुकीचा ठरत नाही. संभाव्यताच ठाऊक नसेल, तर सर्वांत वाईट परिणाम ज्यात सर्वांत सौम्य राहील असा पर्याय निवडतात.

दरडींच्या बाबतीत हानी मनुष्यजीवांची असते. २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव व जुई येथे, तर २०२१ मध्ये याच तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दगावली. येथे संभाव्यता अल्प असली, तरी वस्ती तात्पुरती हलविणे युक्त ठरते. मात्र वारंवार फोल ठरलेल्या सूचनांवरील लोकांचा विश्वास उडतो. म्हणून सूचना देताना तिची संभाव्यताही सांगणे, प्रत्येक सूचनेची व तिच्या परिणामाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरितांच्या निवाऱ्याची व गुरांची सोय आधीच करणे, हेही या विश्लेषणाचेच भाग आहेत.