बांधावरचा फोन

पारनेरच्या बांधावर ई-पीक पाहणी करताना फोनकडून फार मागणं नसतं: भर उन्हात वाचता येणारा स्क्रीन, बरा जीपीएस, दिवसभर पुरणारी बॅटरी. हे २५-३० हजारांत मिळतं. अकोले तालुक्याच्या डोंगरात टॉवरच नसेल, तर लाखाचा फोनही मुकाच.

महाग फोन खरा पुढे जातो तो कॅमेऱ्यात. मोठा सेन्सर अंधारात जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणून लग्नातल्या मंद दिव्यांतही धावतं पोर स्पष्ट येतं. झूमसाठी भिंगही वेगळं. वेगवान प्रोसेसर व्हॉट्सअॅपला, यूपीआयला जाणवतही नाही.

अपडेटचं मात्र दुकानात आधी विचारा. सॅमसंगने २०२५च्या गॅलेक्सी ए५६ला ६ वर्षांचं आश्वासन दिलं, जवळपास दुप्पट किमतीच्या एस२५ला ७.